घरचं गुलाबपाणी, विकतचं गुलाबपाणी आणि आजीचे दोन थेंब

पत्राचा सारांश: पिंपरी-चिंचवडमधल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. त्यांची मुलगी १४ वर्षांची. शाळा, क्लास आणि मोबाइल यांतून दिवस संपला की तिचे डोळे चुरचुरतात. झोपताना आजी तिच्या दोन्ही डोळ्यांत गुलाबपाण्याचे दोन-दोन थेंब घालतात, कारण त्यांच्या माहेरी तशीच पद्धत होती. बाटली पूजेच्या सामानाच्या दुकानातून आणलेली. तिच्यावर 'परफ्यूम' हा शब्द वाचून या धास्तावल्या. फुलवाल्याकडून लाल गुलाब आणले, पाण्यात उकळले, गाळून फ्रिजमध्ये ठेवले आणि "घालायचंच तर हे शुद्ध घाला" म्हणून सासूबाईंना दिलं. स्वतःच्या चेहऱ्यालाही तेच लावायला लागल्या. आठवड्यात पाण्याला आंबूस वास आला, त्यांच्या गालावर पुरळ उठलं आणि मुलीचे डोळे लाल झाले. सासूबाई म्हणतात, तुझ्या पाण्याने झालं. या म्हणतात, आधीच्या बाटलीने झालं. घरात अबोला आहे. शुद्ध गुलाबपाणी ओळखायचं कसं, घरी नीट करायचं कसं आणि सासूबाईंना न दुखवता सांगायचं कसं, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

प्रिय ताई,

तुमच्या तीन प्रश्नांकडे येतेच, पण पत्रात एक गोष्ट सापडली नाही आणि ती सगळ्यांत आधी विचारायला हवी. मुलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंत का? नेलं नसेल तर उद्यावर टाकू नका. दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल किंवा सकाळी पापण्या चिकटत असतील तर आजच जा. तोवर डोळ्यांत काहीही घालू नका. घरात मागच्या वेळचे उरलेले ड्रॉप्स असतील तर ते तर अजिबात नकोत. त्यांत स्टेरॉइड असलं आणि डोळ्याला जंतुसंसर्ग झालेला असला, तर दुखणं वाढतं. जाताना दोन्ही बाटल्या बरोबर न्या आणि कोणती किती दिवस वापरली ते सांगा.

तुम्हा दोघींचं भांडण कोणत्या बाटलीने डोळे लाल झाले यावर आहे. पण नीट पाहिलंत तर एका गोष्टीवर दोघींचं एकमत आहे. शुद्ध गुलाबपाणी डोळ्यांत घालायला चालतं, असं दोघीही धरून चालला आहात. सासूबाईंना त्यांची बाटली शुद्ध वाटते, तुम्हाला तुमची. मला या समजाबद्दलच बोलायचं आहे, कारण अगदी कन्नौजच्या भट्टीतून थेट आलेलं, एक थेंब भेसळ नसलेलं गुलाबपाणीसुद्धा डोळ्यांत घालायच्या लायकीचं नसतं.

डोळ्यांतलं पाणी खारट असतं. तो खारटपणा साधारण ०.९ टक्के मिठाच्या पाण्याइतका, म्हणजे सलाइनइतका असतो आणि डोळ्यांची औषधं त्याला जुळवून बनवलेली असतात. गुलाबपाण्यात मीठ नसतं. अश्रूंचा पीएच ७.४ च्या आसपास असतो, तर गुलाबपाणी आम्लाकडे झुकलेलं, बहुधा ४ ते ५.५ च्या दरम्यान. म्हणून थेंब पडला की आधी झोंबतं, डोळे भरून येतात आणि त्या आलेल्या अश्रूंनीच कोरडेपणा थोडा निवतो. बाटली फ्रिजमधली असली तर गारवा वेगळा. मुलीला बरं वाटत होतं ते बहुधा यामुळे. पण सगळ्यांत मोठी अडचण जंतूंची आहे. शुद्ध आणि निर्जंतुक हे दोन वेगळे शब्द आहेत. डोळ्यांचं औषध निर्जंतुक करून सीलबंद केलेलं असतं आणि तेही उघडल्यावर महिनाभरात टाकून द्यायचं असतं. गुलाबपाण्याची बाटली देवघरात चार-सहा महिने उघडझाप होत राहते, तिच्या तोंडाला हात लागतो, कापूस लागतो. बुबुळाला संसर्ग झाला आणि व्रण राहिला तर नजरेवर कायमचा डाग राहू शकतो. मुलगी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर धोका आणखी मोठा.

"आयुर्वेदात आहे की," असं सासूबाई म्हणतील. डोळ्यांवरचे आयुर्वेदिक उपचार आहेत, पण ते वैद्य रोग्याला तपासून, त्यासाठी तयार केलेल्या औषधाने करतात. पूजेच्या दुकानातल्या बाटलीचा त्याच्याशी संबंध नाही. आणि मूळ तक्रार चुरचुरण्याची आहे, तर डॉक्टरांकडून चष्म्याचा नंबरही तपासून घ्या. या वयात तो लागणं किंवा वाढणं अगदी सर्रास असतं. स्क्रीनसमोर दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहायचं आणि मुद्दाम पापण्या मिटायच्या, ही सवय कोणत्याही थेंबापेक्षा जास्त कामाची आहे.

आता तुमच्या फ्रिजमधल्या बाटलीबद्दल. पाकळ्या उकळून गाळलेलं पाणी हा गुलाबाचा काढा. गुलाबपाणी म्हणजे फुलांची वाफ थंड करून मिळालेलं पाणी, आणि ते काचेसारखं नितळ, बिनरंगाचं असतं. म्हणजे आपण ज्या गुलाबी रंगाला शुद्धतेची खूण समजतो तो गुलाबपाण्यात असायलाच नको. एक प्रयोग करून बघा: तुमच्या बाटलीतलं पाणी काचेच्या पेल्यात चार चमचे घ्या आणि त्यात लिंबाचे चार-पाच थेंब पिळा. विटकरी किंवा फिकट जांभळट झालेलं पाणी एकदम लालचुटूक होईल. ही पाकळ्यांच्या रंगद्रव्याची खूण, आणि हे रंगद्रव्य वाफेबरोबर वर चढत नाही. काढ्यात रंगाबरोबर पाकळीतली साखर आणि इतर द्रव्यंही उतरतात आणि जंतूंना तेच खाद्य मिळतं. तो फ्रिजमध्येही तीन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही. आठवड्यात आंबूस वास आला, त्यात तुमच्या हाताचा दोष नव्हता.

फुलांची निवड मात्र चुकली. फुलवाल्याकडचे लांब दांड्याचे लाल गुलाब, तळेगाव-मावळच्या पॉलिहाउसमधून येतात ते, पुष्पगुच्छात आठ-आठ दिवस टिकावेत म्हणून निवडलेल्या जातींचे. त्यांना वास जवळजवळ नसतो. शिवाय फुलकिडे, कोळी आणि भुरी यांच्यासाठी त्यांच्यावर फवारण्या झालेल्या असतात. ही फुलं खाण्यासाठी किंवा कातडीला लावण्यासाठी पिकवलेलीच नसतात. गालावरचं पुरळ फवारणीच्या अंशाने आलं, नासलेल्या पाण्याने आलं की गुलाबाच्याच ॲलर्जीने, हे घरबसल्या सांगता येणार नाही. डॉक्टरांना दाखवून झालं की ती बाटली मोरीत ओतून टाका. झाडांनाही घालू नका.

खरं गुलाबपाणी कसं बनतं हे कळलं की बाकीच्या बऱ्याच शंका फिटतात. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला ते अजूनही देग-भपक्याने काढतात. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, वर झाकण, फट मातीने लिंपलेली. झाकणातून बांबूचा चोंगा निघतो आणि थंड पाण्याच्या हौदात बुडवलेल्या भपक्यात उतरतो. खाली मंद जाळ. त्यासाठी लागतो तो चैती गुलाब, फिकट गुलाबी, भरपूर पाकळ्यांचा, मार्च-एप्रिलमध्ये फुलणारा. तो उन्हं वर यायच्या आत तोडतात, कारण ऊन चढलं की सुगंध उडू लागतो. गुलाबाच्या वासातलं फेनिल इथाइल अल्कोहोल नावाचं द्रव्य पाण्यात चांगलं विरघळतं, ते गुलाबपाण्यात राहतं. जे विरघळत नाही ते तेल होऊन वर तरंगतं. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की गरम गुलाबपाण्यावर जमणारा हा तवंग त्याच्या सासूबाईंनी, नूरजहाँच्या आईने, हेरला आणि त्याचं अत्तर केलं. हे तुमच्या सासूबाईंना जरूर सांगा, त्यांना आवडेल.

घरी करायचंच असेल तर गावठी देशी गुलाब हवा, गुलकंदाला वापरतात तो, आणि फवारणी न केलेला. कुंडीत नाहीतर अंगणात असेल तर उत्तम. सकाळी तोडलेल्या २५० ग्रॅम पाकळ्या घ्या, देठ आणि हिरवे भाग काढून टाका. थंड पाण्यातून एकदा झटपट काढा, भिजत ठेवू नका. सात-आठ लिटरचं स्टीलचं पातेलं घ्या, ॲल्युमिनियमचं नको. मध्ये स्टीलची तिवई आणि तिच्यावर स्टीलचा वाडगा ठेवा. वाडग्याचा काठ पाकळ्यांच्या वर राहिला पाहिजे. भोवती पाकळ्या पसरून दीड लिटर पिण्याचं पाणी ओता. आता झाकणाऐवजी पातेल्याच्या तोंडावर गोल तळाची कढई ठेवा आणि कढईत बर्फ भरा. वाफ कढईच्या थंड बुडाला लागते, तिचे थेंब होतात, ते घरंगळत बुडाच्या मधोमध येतात आणि खालच्या वाडग्यात टपटपतात. सपाट झाकणावर हेच थेंब कडेला पसरतात आणि परत पाकळ्यांत पडतात, म्हणून बूड गोलच हवं. कडेने कणकेची वात लावा, पण एका ठिकाणी बोटभर फट ठेवा, म्हणजे वाफ कोंडणार नाही.

पाण्याला आधण येईपर्यंत मध्यम आच, पुढे अगदी बारीक. आतून वाडगा खडखडल्याचा आवाज आला तर आच मोठी आहे. उकळतं पाणी उसळून वाडग्यात पडतं आणि नितळ गुलाबपाण्याला रंग येतो. बर्फ वितळला की ते पाणी काढून नवा बर्फ घाला, तीन-चार वेळा तरी करावं लागतं. पाऊण ते एक तासात पाव लिटरच्या आसपास पाणी जमेल. तिथेच थांबा. जितक्या वजनाच्या पाकळ्या तितकंच पाणी, हे प्रमाण लक्षात ठेवा. बहुतेक जण लोभाने लिटरभर काढतात आणि इथेच फसतात, कारण सुगंध सुरुवातीच्या पाण्यात येतो आणि पुढचं पाणी नुसतं शिजलेल्या पाल्याच्या वासाचं असतं. पातेल्यातलं पाणी आटून पाकळ्या बुडाला लागल्या तर सगळ्यालाच करपट वास येतो.

काचेची बाटली आणि झाकण दहा मिनिटं उकळून, पालथी वाळवून घ्या. गाळायची गरज नाही, वाडग्यातून सरळ बाटलीत ओता. वर तेलाचा बारीकसा तवंग दिसला तर काढू नका. पहिले काही दिवस वास तुम्हाला हवा तसा येणार नाही, भट्टीचा दर्प येईल. आठवडाभरात तो मावळतो. बाटलीवर तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार आठवड्यांत संपवा. कापूस बाटलीच्या तोंडाला लावून ओला करायचा नाही, पाणी आधी वाटीत घ्यायचं. तळाशी कोळिष्टकासारखे पांढरे धागे तरंगताना दिसले किंवा वास बदलला तर ओतून टाका, उकळून वाचवायला जाऊ नका.

एवढा खटाटोप झेपत नसेल तर विकतचं आणण्यात काही कमीपणा नाही. खरं तर चैती गुलाबाचं, नीट काढलेलं विकतचं पाणी आपल्या पातेल्यातल्या पाण्यापेक्षा सरस असतं. घरचं म्हणजे चांगलं आणि बाजारचं म्हणजे भेसळीचं, ही वाटणी इथे चालत नाही. फक्त बाटलीची मागची बाजू वाचायची. घटकांत 'रोझा डमॅसिना (हे चैती गुलाबाचं शास्त्रीय नाव) फ्लॉवर वॉटर' किंवा 'डिस्टिलेट' पहिलं आणि जवळजवळ एकटंच असेल तर ते वाफेतून काढलेलं गुलाबपाणी. 'ॲक्वा' म्हणजे साधं पाणी, मग 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स', मग 'पेग-४० हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल' असं असेल तर ते सुगंध मिसळलेलं पाणी. त्यातला पेग-४० हा सुगंधी तेल पाण्यात मिसळावं म्हणून घालतात. अशी बाटली जोराने हलवली की फेस बराच वेळ राहतो, तर खऱ्या गुलाबपाण्याचे बुडबुडे लवकर फुटतात. हा अंदाज झाला, पुरावा म्हणून धरू नका. 'फिनॉक्सीइथेनॉल' किंवा सोडियम बेंझोएट दिसलं तर दचकू नका, ते टिकवण्यासाठी असतं आणि चेहऱ्याच्या बाटलीत त्याचं असणं नासण्यापेक्षा बरं. स्वयंपाकासाठी मात्र वेगळी बाटली घ्या: एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि हिरवा ठिपका असलेली. पूजेच्या बाटलीवर यातलं काहीच नसतं. ती शिंपडण्यापुरतीच. घरात तीन बाटल्या असतील तर पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरांत 'स्वयंपाक', 'चेहरा', 'देवघर' लिहा. घाईत वास सगळ्यांचा सारखाच येतो.

चेहऱ्याबद्दल थोडं सावध राहायला सांगेन. गुलाबपाण्याने गार वाटतं, तेलकट त्वचा तासभर आवळल्यासारखी होते, मुलतानी माती कालवायला ते छान असतं. मुरुमं त्याने जात नाहीत, डागही जात नाहीत. आणि शुद्ध गुलाबपाण्यानेही काहींना पुरळ येतं, कारण त्याच्या सुगंधातले जिरेनिऑल आणि सिट्रोनेलॉल हे ॲलर्जी करणाऱ्या सुगंधी द्रव्यांत मोडतात. तुमचं पुरळ पूर्ण बसू द्या, मग नवी बाटली आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा. काहीच झालं नाही तरच चेहऱ्याला. लेप करायचा तर दोन चमचे मुलतानी मातीला दोन-तीन चमचे गुलाबपाणी पुरतं, आणि तो तडकेपर्यंत ठेवायचा नसतो. कडा फिक्या पडायला लागल्या की, आठ-दहा मिनिटांत, धुवायचा. त्वचा कोरडी असेल तर लेपाच्या वाटेला जाऊच नका.

थंडीत आपल्याकडे टाचांना ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबू एकत्र करून लावतात. त्यातलं लिंबू काढून टाका. ते भेगांत झोंबतं आणि लावलेला भाग उन्हात गेला तर काळा पडू शकतो. एक भाग ग्लिसरीन आणि चार भाग गुलाबपाणी, आंघोळीनंतर ओलसर टाचांना लावायचं. लहान बाटलीत आठवड्यापुरतंच करा.

स्वयंपाकात एकच लक्षात ठेवायचं, गुलाबपाणी गॅस बंद केल्यावर घालायचं. उकळत्या पाकात घातलं की वास घरभर होतो आणि गुलाबजामात राहत नाही. दोन वाट्या साखरेच्या पाकाला एक लहान चमचा, लिटरभर दुधाच्या फिरनीलाही तेवढंच, लिंबाच्या सरबताच्या पेल्याला पाव चमचा. जास्त झालं की साबण खाल्ल्यासारखं लागतं आणि मग ते कशानेच झाकता येत नाही.

आता सासूबाई. तुमची बाजू त्यांच्यापेक्षा वरचढ आहे असं धरून बोलायला गेलात तर ऐकलं जाणार नाही, आणि खरं सांगायचं तर ती वरचढ नाहीही. त्यांनी एक बाटली डोळ्यांत घातली, तुम्ही दुसरी पुढे केलीत. म्हणून सुरुवात आपल्या बाटलीपासून करा. त्यांच्यासमोर ती बाजूला काढा आणि म्हणा, "आई, माझंही चुकलं, हे मी द्यायला नको होतं." डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर न्या. डोळ्यांत काय घालायचं आणि काय नाही हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, तर ते सुनेचं सांगणं राहणार नाही. तिथे "यांनी घातलं" असं म्हणू नका, "आम्ही घातलं" म्हणा.

आणि आजीच्या हातून थेंब काढून घ्याल तेव्हा तिथे काहीतरी द्यावं लागेल. रात्री नातीचं डोकं मांडीवर घेणं, कपाळावरून हात फिरवणं, "मीट डोळे" म्हणणं, हे त्या पोरीलाही हवंच असणार. उकळून गार केलेलं पाणी फ्रिजमध्ये ठेवा. त्यात स्वच्छ मलमलच्या दोन घड्या बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर सात-आठ मिनिटं आजींनी ठेवायच्या. प्रत्येक डोळ्याला वेगळी घडी, आणि घड्या रोज उकळून वाळवलेल्या. सध्या डोळे लाल आहेत तोवर डॉक्टरांना विचारूनच. त्यांना वास हवा असेल तर गुलाबपाण्याचे दोन थेंब उशीच्या कोपऱ्यावर. बोलायला शब्द सापडत नसतील तर एवढंच म्हणा: "आई, तुमच्या हातचा गारवा तिला हवाय, फक्त आत नको, वरून ठेवू."

देवघरातली बाटलीही टाकायची नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला गुलाबदाणी काढता ना, तिथे तिचा मान आहे. दाणी अर्धीच भरा, काठोकाठ भरली की पाणी शिंतडण्याऐवजी ओघळतं. भोकं बुजली असतील तर आधी गरम पाण्यात भिजवून बारीक सुईने मोकळी करा, पितळी असेल तर आतला हिरवा थर चिंचेने घासून काढा. शिंपडताना दाणीचं तोंड पाहुणीच्या हातांकडे नाहीतर खांद्याकडे असू दे, चेहऱ्याकडे नको. कार्यक्रम झाला की उरलेलं पाणी बाटलीत परत न ओतता टाकून द्या, आणि दाणी उघडून, पालथी घालून रात्रभर वाळू द्या.